खलबत्त्याची हाक

मी एक जुना खलबत्ता आहे, मित्रांनो, बिडाचा. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी रागावलेला आहे. तुम्ही वाचलेल्या अशा गोष्टींतल्या वस्तू बहुधा दुःखी असतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते. माझं तसं नाही. मला कुणी टाकून दिलेलं नाही, माझा काठही कुठे उडालेला नाही. मला राग आला आहे तो गोड शब्दांचा. तो का आला हे सांगायचं, तर तुम्हांला कोल्हापूरहून आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावापर्यंत माझ्याबरोबर यावं लागेल.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत माझा जन्म झाला. मोडके पंप, फुटकी वजनं, इंजिनांची झाकणं असं कुठकुठलं भंगार एकाच भट्टीत वितळलं आणि काळ्या वाळूच्या साच्यात ओतलं गेलं. निवल्यावर साचा फोडला, तेव्हा मी खल होऊन बाहेर पडलो आणि माझ्या शेजारी बत्ता आडवा पडला होता. आम्ही दोघं, पण नाव एकच. आमचं कामही एकच. त्यानं मारायचं, मी सोसायचं, आणि मधे जे असेल त्याचा वास घरभर जायचा.

गडहिंग्लजच्या बाजारात अलकनंदानं मला घेतलं. नवीनच लग्न झालेलं होतं तिचं. दुकानदार दुसरा, चकचकीत खलबत्ता पुढे करत होता. हिनं प्रत्येकाच्या काठावर टिचकी मारली, कान लावला, आणि मला उचललं. "ह्याचा आवाज लांब जातोय," एवढंच म्हणाली. मित्रांनो, ते वाक्य लक्षात ठेवा. आवाजासाठी मला निवडलं होतं.

मग वर्षानुवर्षं मी मिरच्या खाल्ल्या, लसूण खाल्ला, धणे, खोबरं, सुंठ, वेलदोडे. अलकनंदा कुटता कुटता ओव्या म्हणायची. बत्ता पडायचा तिथे तिचा शब्द पडायचा. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, अलकाच्या मसाल्याला वेगळीच चव. पुढे घरात मिक्सर आला. तो घरघर करून क्षणात सगळ्याचा भुगा करी. मी दाराला टेकू म्हणून लागलो. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला तिथे बसवलं होतं, आणि मी बसलो. तक्रार करायचा माझा स्वभाव नव्हता तेव्हा.

अलकनंदाचा मुलगा जयेश आणि सून प्रभा आयर्लंडला राहायला गेले. प्रभा लेटरकेनीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, जयेशचं काँप्युटरचं काम. त्यांची मुलगी निहारिका तिथल्या शाळेत. २०२० च्या सुरुवातीला अलकनंदा दोन-तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे निघाली, तेव्हा तिनं दारामागून मला उचललं. "तितं कुटायला काय आसंल का न्हाई कुणाला ठावं," असं म्हणून खल मोठ्या बॅगेत भरला आणि बत्ता हातातल्या पिशवीत ठेवला. झालं. मुंबईच्या विमानतळावर बत्त्याला अडवलं. तपासणाऱ्या बाईनं तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाली, मावशी, हे शस्त्र आहे. अलकनंदाला हसू आवरेना. तिनं त्या बाईला खोबऱ्याची चटणी कशी करतात तेसुद्धा समजावलं, पण नियम म्हणजे नियम. बत्ता पुन्हा काउंटरवर नेऊन बॅगेत घालावा लागला.

तेव्हा मीही हसलो होतो. आता हसत नाही. चटणीच्या बत्त्याला सीमेवर अडवतात, मित्रांनो. बंदुकांच्या पेट्या मात्र देशामागून देश ओलांडून जातात आणि त्यांना कुणी मावशी म्हणून थांबवत नाही.

लेटरकेनीत पोचल्यावर निहारिकानं मला पाहिलं आणि म्हणाली, "पुट इट इन द प्रेस, आजी." आजीला वाटलं नात मला इस्त्री करायला सांगते आहे. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात हे कळल्यावर दोघी पोट धरून हसल्या. पण कपाटात मी फार दिवस राहिलो नाही. साथ आली, विमानं बंद झाली, आणि दोन-तीन महिन्यांची पाहुणी अलकनंदा तिथेच अडकली. प्रभा हॉस्पिटलातून यायची तेव्हा तिच्या गालांवर मास्कचे वळ असायचे. ती मागच्या दारानं आत येई, कपडे बदली आणि वेगळ्या खोलीत जेवी. अलकनंदाला बोलायला कुणी नव्हतं. नात इंग्रजीत उत्तरं देई, मुलगा दिवसभर कानात यंत्र घालून बसे. म्हणून तिनं मला बाहेर काढलं, मागच्या अंगणात ओट्यावर बसली आणि कुटायला लागली. काय कुटायचं ते नंतर ठरवायची. आधी आवाज.

असाच तो आवाज चालू असताना इंतिसार आली.

डॉक्टर इंतिसार प्रभाच्या हॉस्पिटलात काम करायची. सुदान देशातल्या दारफूरची. उंच, सावळी, डोक्यावरून हलक्या रंगाचं वस्त्र घेतलेली. प्रभाची गाडी बिघडली होती म्हणून तिला सोडायला आली होती. तिला फाटकातूनच परत जायचं होतं, तसा नियमच होता. पण ती फाटकाशी उभी राहिली ती हललीच नाही. अलकनंदानं हात थांबवला.

"का गं बाई, भाईरच का उभी? काय झालं?"

प्रभानं तिला विचारून सांगितलं. इंतिसारच्या गावाकडे सकाळी कॉफी भाजतात आणि लाकडी खलात कुटतात. तो आवाज ऐकला की शेजारणी आपल्या आपण येतात. आमंत्रण वेगळं नसतं. कुटण्याचा आवाज हेच आमंत्रण. इंतिसार म्हणत होती, मला बोलावलंत म्हणून मी थांबले.

"मग ये म्हणावं की," अलकनंदा म्हणाली. "वट्याच्या त्या टोकाला बस म्हणावं."

पुढच्या खेपेला इंतिसार भाजलेली कॉफी घेऊन आली. तिनं बत्ता हातात घेतला आणि मला कळलं की हा हात कुटणारा आहे. ती नुसतं कुटत नव्हती. दोन घाव मधोमध, एक काठावर, मग क्षणभर थांबा. माझ्यातून जो ठेका निघाला तो माझा मलाच नवा होता. त्यात तिनं सुंठ घातली. सुंठ पाहून अलकनंदाला नातं सापडल्यासारखं झालं. इंतिसार तिला हाज्जा म्हणायची, तिच्याकडे मोठ्या बाईला तसं म्हणतात. अलकनंदा तिला लेकी म्हणायची. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, आणि त्यांचं काहीही अडत नव्हतं. त्या उन्हाळ्यात अलकनंदानं एक नवी ओवी जुळवली:

सुंठ कुटिते मी बाई, घाव जातो दूरवरी
समुद्राच्या पल्याडची लेक उभी माझ्या दारी

आता थोडं दारफूरबद्दल सांगतो. इंतिसार लहान असताना तिचं गाव जाळलं गेलं. जाळणारे सैनिक नव्हते, आणि साधे दरोडेखोरही नव्हते. मोठी माणसं त्यांना निमलष्करी टोळ्या म्हणतात. म्हणजे हातात सैन्यासारख्या बंदुका, पण जाब विचारायला गेलं तर सरकार म्हणणार, छे, हे आमचे नव्हेत. इंतिसारच्या आईनं, हाज्जा मर्यमनं, पोरीचा हात धरून अल-जेनेना शहर गाठलं आणि शहराबाहेरच्या छावणीत काट्याकुट्यांचं कुंपण घालून पुन्हा घर केलं. त्या छावणीतून मुलगी शिकली, डॉक्टर झाली, आयर्लंडला आली. आई तिथेच राहिली. अशा लोकांच्या राखणीसाठी इतर देशांनी तिथे शांतिसैनिक ठेवले होते. २०२० साल संपलं त्या दिवशी त्यांचं काम संपलं असं ठरलं. आणि दुसऱ्याच दिवशी, नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला, आयर्लंड सुरक्षा परिषदेत बसला. जगाच्या युद्धाचं आणि शांततेचं बोलणं ज्या टेबलाभोवती चालतं, त्या टेबलाशी त्याला खुर्ची मिळाली.

इंतिसारला एकाच वेळी भीती वाटत होती आणि आशाही. म्हणायची, राखणदार गेले; पण मी ज्या देशात रुग्ण तपासते तो देश आता त्या टेबलावर आहे.

जानेवारीत पुन्हा सगळं कडेकोट बंद. पण एकट्या राहणाऱ्या माणसाला एका घराशी जोडून घेण्याची मुभा होती, म्हणून इंतिसार आमच्या घरची झाली. संक्रांत आली. अलकनंदानं गावातल्या हलाल दुकानातून तीळ मागवले. पिशवीवर सुदानचं नाव पाहून इंतिसारनं ती पिशवी छातीशीच धरली. ते तीळ भाजून माझ्यात भरड कुटले, गूळ घातला, वड्या पाडल्या. अलकनंदानं तिच्या तळहातावर वडी ठेवली आणि म्हणाली, तिळगूळ घे, गोड गोड बोल. निहारिकानं इंग्रजीत अर्थ सांगितला. इंतिसारला तो इतका आवडला की तिनं ते शब्द मराठीतून पाठ केले. गोड गोड बोला. घरभर म्हणत फिरली.

वड्यांचा डबा अजून संपला नव्हता, तेव्हा अल-जेनेनाहून फोन आला.

टोळ्या आल्या होत्या. उंटांवरून, मोटरसायकलींवरून, बंदुका बसवलेल्या गाड्यांतून. छावणी पेटवली. पळणाऱ्यांवर गोळ्या घातल्या. राखणदारांच्या रिकाम्या चौक्यांवरची धूळसुद्धा अजून नीट बसली नव्हती. हाज्जा मर्यमचा फोन लागत नव्हता. इंतिसार हॉस्पिटलात जाई, इतरांच्या आयांच्या छातीला नळी लावी, आणि मधे मधे जिन्यात उभी राहून फोन लावी. शेवटी लागला. आई जिवंत होती. शहरातल्या एका शाळेच्या आवारात, उघड्यावर, हजारो लोकांत बसली होती. टोळ्या शहराच्या कडेलाच होत्या. आवाराला ना भिंत पुरी, ना पहारा. इंतिसारला त्या दिवसापासून एकच गोष्ट हवी होती: त्या आवाराभोवती कुणीतरी पहारा ठेवावा. बस. आई जगावी.

आयर्लंडमधल्या सुदानी डॉक्टरांनी धडपडून एक ऑनलाइन बैठक ठरवली. आयर्लंडच्या राजनैतिक कामकाजातले एक वजनदार अधिकारी त्यांचं ऐकणार होते आणि ते बोलणं परिषदेच्या टेबलापर्यंत नेणार होते. इंतिसार बोलणार होती. आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं जे बोलायचं ते वाचून दाखवलं. मी तिथेच होतो. ते असं होतं: "हे करणारे कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना बंदुका कोण देतं, हेही माहीत आहे. तुम्ही राखणदार काढून घेतलेत आणि ते आले. माझी आई शाळेच्या आवारात आहे. तिथे पहारा पाठवा. आज पाठवा."

मित्रांनो, ते वाक्य माझ्या काठासारखं होतं. टिचकी मारली तर वाजणारं.

आणि मग आमच्या चांगल्या माणसांनी त्याची वडी पाडली.

जयेश मनानं वाईट नाही. तो म्हणाला, अगं, असं थेट बोललीस तर ते बचावात जातील. आपण इथे बाहेरचे. तुझी नोकरी, तुझा व्हिसा, सगळं बघायला हवं. 'तुम्ही काढून घेतलेत' हे नको. 'कोण करतं' हेही नको, वाद होतात. प्रभा म्हणाली, सुरुवात आभारानं कर आणि शेवटही आभारानं. आम्ही इथे आलो तेव्हा हेच शिकलो, हळू बोललं की दारं उघडतात. दोघांनी मिळून, प्रेमानं, एकेक खडा वेचावा तसा एकेक खरा शब्द वेचून बाहेर टाकला. मारेकऱ्यांचे 'घटक' झाले. जाळपोळीची 'परिस्थिती' झाली. 'आज पाठवा' याचं 'शक्य तितक्या लवकर विचार व्हावा' झालं. इंतिसारनं एकदाच विचारलं, एवढं गोड? आणि मग स्वतःच म्हणाली, बरं, इथल्या हाज्जानंही तेच सांगितलंय. गोड गोड बोला.

बैठकीच्या वेळी लॅपटॉप घसरत होता म्हणून जयेशनं त्याच्या पाठीशी मला टेकू म्हणून लावलं. म्हणजे पुन्हा दाराचंच काम. तिथून मला सगळं ऐकू आलं. अधिकारी फार सभ्य होते. त्यांचा आवाज कोमट दुधासारखा. इंतिसार बोलली आणि ते म्हणाले, आम्हांला तीव्र चिंता वाटते. मग आणखी एक जण बोलला आणि ते म्हणाले, आम्ही बारकाईनं लक्ष ठेवून आहोत. पहारा पाठवणार का, हे कुणी विचारलंच नाही, कारण ते वाक्य आम्ही काढून टाकलं होतं. शेवटी त्यांनी इंतिसारच्या संतुलित आणि हृदयस्पर्शी मनोगताचं कौतुक केलं.

तिनं लॅपटॉप मिटला. बराच वेळ माझ्या काठावरून बोट फिरवत बसली.

"मला शाबासकी दिली त्यांनी," ती म्हणाली.

अलकनंदानं नातीला विचारलं, काय बोलले गं ते साहेब? निहारिका म्हणाली, "दे वेअर रियली नाइस, आजी." अलकनंदानं मान हलवली आणि लसणीच्या पाकळ्या माझ्यात टाकल्या. पहिल्याच घावाला मला कळलं की आज हात वेगळा आहे.

माय बसली उघड्यावरी, डोईवर नाही छत
शहाण्यांनी धाडिली गं गोड शब्दांची खिरापत

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. कुठकुठल्या मोठ्या लोकांनी कुठकुठे चिंता व्यक्त केली. मी बिडाचा, मला मोठ्या जगातलं फार कळत नाही. पण एवढं कळतं की चिंता ही घरात बसून करायची गोष्ट आहे, आणि पहारा द्यायला उठून जावं लागतं. हाज्जा मर्यम फोनवर लेकीला सांगायची, मी बरी आहे. तिनं आवारात कुणाचा तरी खल मागून आणला होता. सकाळी मूठभर कॉफी कुटायची. आवाज ऐकून आजूबाजूच्या बायका यायच्या, जमिनीवर बसायच्या. म्हणायची, आवार आता आमची आळी झाली आहे.

ईस्टरच्या सुमाराला टोळ्या पुन्हा आल्या. ह्या वेळी शहरातच. आवाराच्या अर्धवट भिंतीवर तोफगोळा पडला. हाज्जा मर्यम गेली. तिच्या भोवती कॉफीला आलेल्या दोन शेजारणी गेल्या.

हे मी हळू आवाजात सांगणार नाही. त्या बायका वाऱ्यानं मेल्या नाहीत, पुरात वाहून गेल्या नाहीत. त्यांना माणसांनी मारलं, आणि ती माणसं येणार हे जानेवारीतच सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रभानं इंतिसारला आमच्या घरी आणलं. तिच्याकडे मरणाच्या घरी माणसांची रीघ लागते, दिवसच्या दिवस. बायका कॉफी कुटत राहतात आणि येणाऱ्याला कप देतात. इथे कोण येणार? नियमानं कुणाला येताच येत नव्हतं. इंतिसार कोचावर बसून राहिली. अलकनंदानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेल लावलं. प्रभा मात्र स्वयंपाकघरात उभी राहून टेबल पुसत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. मला वाटतं तिला त्या टेबलावर अजून ते वेचून टाकलेले शब्द दिसत होते.

महिना संपायच्या आत दुसरी बैठक ठरली. तेच अधिकारी. जयेश म्हणाला, तू नको बोलूस, दुसऱ्या कुणाला बोलू दे, तुला झेपणार नाही. इंतिसारनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं मला लॅपटॉपच्या मागून काढलं आणि पुढ्यात ठेवलं. ह्या वेळी मी टेकू नव्हतो.

बैठक सुरू झाली. अधिकाऱ्यांनी आधी दुःख व्यक्त केलं. ते खोटं नव्हतं, पण त्यांचा आवाज तसाच कोमट होता. मग इंतिसारचं नाव पुकारलं. तिनं मूठभर भाजलेली कॉफी माझ्यात टाकली आणि कुटायला लागली.

दोन मधोमध, एक काठावर. थांबा. दोन मधोमध, एक काठावर.

समोरच्या चौकोनांतले चेहरे गोंधळले. बैठक चालवणारी मुलगी म्हणाली, कुणाच्या तरी घरून आवाज येतो आहे, आणि तिनं इंतिसारचा माइक बंद केला. इंतिसारला ते कळलंही नाही, ती कुटतच होती. तेव्हा मागून प्रभा आली. हॉस्पिटलच्या कपड्यांतच होती. तिनं वाकून माइक चालू केला आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "हा आवाज चुकून येत नाहीये. तो बंद करू नका."

मित्रांनो, हळू बोललं की दारं उघडतात असं म्हणणारी ती प्रभा. तिचा आवाज त्या दिवशी माझ्यापेक्षा कमी वाजला नाही.

इंतिसारनं बत्ता खाली ठेवला.

"माझ्या घरी दुखवटा आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे दुखवट्याला येणाऱ्यासाठी कॉफी कुटतात. आज तुम्ही आला आहात. हा आवाज ऐकून आमच्याकडे माणसं उठून येतात. माझी आई हाच आवाज करत होती. ज्या आल्या त्या तिच्याबरोबर मेल्या. जे आले नाहीत ते तुम्ही."

मग तिनं जानेवारीतली सगळी वाक्यं म्हटली. कोण करतं. बंदुका कोण देतं. राखणदार कुणी काढले. एकही शब्द 'घटक' झाला नाही. आणि शेवटी: "माझ्या आईसाठी आता काही मागत नाही. त्या आवारात अजून हजारो लोक आहेत. तिथे पहारा पाठवा. आज पाठवा." आभार मानले नाहीत.

त्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. ह्या वेळी चिंता हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. त्यांनी विचारलं, आवारं कोणकोणती, नावं सांगा. इंतिसारनं एकेक नाव सावकाश सांगितलं आणि ते लिहून घेत राहिले.

पुढे त्यांनी ते कुठे आणि किती जोरानं सांगितलं, मला ठाऊक नाही. खोटी गोष्ट मी तुम्हांला सांगणार नाही. त्या मोठ्या टेबलावर कुणी दबाव आणायचा म्हणालं की दुसरं कुणी म्हणतं, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. घरचा प्रश्न! घर जाळून झाल्यावर. वर्ष सरत आलं तरी ती आवारं भरलेलीच आहेत. म्हणून तर माझा राग निवत नाही. साच्यातला मी एका दिवसात निवलो होतो.

हिवाळ्याच्या तोंडाला अलकनंदा परत निघाली. बॅग भरताना जयेश मला उचलायला आला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. इंतिसार निरोप द्यायला आली होती. अलकनंदानं मला तिच्या ओटीत घातल्यासारखं तिच्या हातांत दिलं. जड आहे मी, तिचे हात खाली गेले.

"ह्याचा आवाज लांब जातोय, लेकी," अलकनंदा म्हणाली. "संक्रांतीला मी तुला गोड बोल म्हनलं हुतं न्हवं? ते माघारी घेते. तुला बोलायचं तसं बोल."

निहारिकानं ते इंग्रजीत सांगितलं.

आता मी इंतिसारच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी असतो. रोज कामाला जाण्याआधी ती कॉफी कुटते. खिडकी मुद्दाम उघडी ठेवते, बाहेर ह्या डोनेगल जिल्ह्याचा वारा आणि पाऊस असला तरी. पहिल्या आठवड्यातच दारावर थाप पडली. शेजारची नोरा, पांढऱ्या केसांची, घरातल्या सपातांवरच आली होती. भिंतीपलीकडून काहीतरी ठोकल्याचा आवाज येतो, तू ठीक आहेस ना गं पोरी, असं विचारत होती. इंतिसार दारात उभी राहून रडायला लागली. नोराला कळेना आपण काय चुकीचं बोललो. ती आत आली, बसली, कॉफी प्यायली, म्हणाली, "ग्रँड आहे ही, थोडी कडू आहे." आता ती रोज येते.

बघा मित्रांनो. नोराला यायला ठराव लागला नाही, बैठक लागली नाही. आवाज आला, ती सपाता घालून निघाली. एका म्हातारीला जे जमतं ते एवढ्या मोठ्या टेबलाभोवती बसलेल्यांना का जमू नये? कुणाकडे उत्तर असेल तर मला सांगा. मात्र गोड करून सांगू नका.

माझी काळजी घ्या असं मी तुम्हांला सांगणार नाही. गंज चढला तर मी घासून निघतो. फुटलो तर भट्टीत जाईन आणि पुन्हा ओतला जाईन. घाव सोसणं हे माझं काम आहे, मी त्यासाठीच बिडाचा झालो. माणसं बिडाची नसतात. हाज्जा मर्यम पुन्हा ओतता येत नाही.

तेव्हा एवढंच करा. तुम्हांला आज ना उद्या कुठल्या तरी टेबलाशी खुर्ची मिळेल. वर्गात मिळेल, कचेरीत मिळेल, कुणाला त्या सर्वांत मोठ्या टेबलाशीही मिळेल. तिथे बसल्यावर लांबून कुटण्याचा आवाज आला, तर माइक बंद करू नका. उठा. सपाता तर सपाता, पायात घाला आणि निघा.

इंतिसारनं बत्ता उचलला आहे. खिडकी उघडी आहे.